बॅप्टिस्ट पंथ आणि मराठीचा श्रीरामपुरी छापखाना

मराठी व्याकरणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा दादोबा पांडुरंग तर्खडकरांपासून प्रारंभ करतो. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याकरणाचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधी एकतीस वर्षे, म्हणजे १८०५ साली, इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे एक व्याकरण छापून निघाले होते. ते पुण्यास छापले नव्हते, मुंबईस नव्हते, नागपुरासही नव्हते. ते छापले बंगालात, हुगळी नदीच्या काठी असलेल्या श्रीरामपूर गावी. (अहिल्यानगर जिल्ह्यातील आपले श्रीरामपूर ते हे नव्हे.) छापखाना होता बॅप्टिस्ट नावाच्या एका ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचा; ग्रंथकर्ता होता पूर्वाश्रमीचा एक इंग्रज चांभार; आणि त्याला मराठी शिकविणारा होता नागपूरचा एक पंडित.

हे तिघे एकत्र कसे आले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. आपल्या भोपाळच्या मराठी कुटुंबांना तर तिच्यात थोडी आपुलकीही वाटावी. १९५६ साली भोपाळ ही नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. त्या पंडिताचे गाव हेच आपल्यातील कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचे गाव होय. परंतु हकीकत सांगण्यापूर्वी हा बॅप्टिस्ट पंथ म्हणजे काय, हे पाहणे अवश्य आहे. कारण त्याच्या मुख्य तत्त्वातच छापखान्याचे बीज आहे.

ख्रिस्ती धर्मात प्रवेश करताना पाण्याने जो संस्कार होतो त्याला बाप्तिस्मा म्हणतात. युरोपातील बहुतेक देशांत तो तान्ह्या मुलास देण्याची रीत होती. मूल जन्मले, की गावच्या देवळात नेऊन त्याच्या मस्तकावर पाणी शिंपडावयाचे. त्याबरोबरच ते मूल ख्रिस्ती झाले आणि राजाच्या अधिकृत धर्मसंस्थेचे सभासदही झाले. सतराव्या शतकाच्या प्रारंभी काही इंग्रजांना ही गोष्ट पटेनाशी झाली. ज्याला बोलताही येत नाही त्याने श्रद्धा कशी ठेवावी? आणि त्याने स्वतः न ठेवलेली श्रद्धा दुसऱ्याने त्याच्या वतीने कशी कबूल करावी? इंग्लंडात छळ होऊ लागल्यामुळे ही माणसे हॉलंडात गेली. तेथे अॅम्स्टरडॅम शहरी १६०९ साली जॉन स्मिथ याच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली मंडळी स्थापिली. जाणत्या वयात, स्वतः विचार करून जो श्रद्धा प्रकट करील त्यालाच बाप्तिस्मा द्यावयाचा, हा त्यांचा नियम. पुढे हा संस्कार संपूर्ण शरीर पाण्यात बुडवून करण्याची पद्धत रूढ झाली. ‘बाप्तिस्मा’ या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थच बुडविणे असा आहे. लोकांनी चेष्टेने दिलेले बॅप्टिस्ट हे नाव अखेर पंथाने स्वीकारले.

वरवर पाहता हा वाद पाणी केव्हा आणि किती, एवढाच वाटतो. परंतु त्यातून निघणारे परिणाम दूरवर जाणारे होते. श्रद्धा जर ज्याची त्याने ठरवावयाची, तर ती राजाने ठरविता कामा नये. जॉन स्मिथचा सहकारी टॉमस हेल्विस याने १६१२ साली एक पुस्तक लिहून, राजा हा मर्त्य मनुष्य आहे व प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, असे स्पष्ट सांगितले. विशेष हे, की त्याने हे स्वातंत्र्य केवळ आपल्या पंथासाठी मागितले नाही. मुसलमान असो, यहुदी असो, पाखंडी असो, धर्माबद्दल कोणासही शिक्षा करण्याचा राजास अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे होते. राजा पहिला जेम्स याला ते रुचले नाही. हेल्विस न्यूगेटच्या तुरुंगात पडला आणि पुन्हा बाहेर आला नाही. पन्नास वर्षांनंतर याच परंपरेतील जॉन बन्यन बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे होता. अपराध एवढाच, की परवाना नसताना तो उपदेश करीत असे. त्याने लिहिलेले यात्रेकरूचे रूपक १६७८ साली प्रसिद्ध झाले. ते हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली मराठीत आणले.

अमेरिकेत रॉजर विल्यम्स याने १६३६ साली प्रॉव्हिडन्स गाव वसविले व तेथे कोणाच्याही धर्मात सरकारने हात घालू नये असा दंडक घातला. थोड्याच वर्षांत तेथे अमेरिकेतील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. या पंथात पोप नाही, बिशप नाही. प्रत्येक गावची मंडळी आपला पाळक आपण निवडते आणि आपला कारभार आपण पाहते. त्यामुळे नव्या वसाहतींत, जंगल तोडून वसलेल्या खेड्यांत तो झपाट्याने पसरला. परंतु ज्याने त्याने आपले ठरवावे या तत्त्वाचा एक काळा अध्यायही आहे, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुलाम बाळगणारा मनुष्य मिशनरी होऊ शकतो काय, या प्रश्नावर १८४५ साली अमेरिकन बॅप्टिस्टांत फूट पडली आणि दक्षिणेकडील मंडळ्यांनी गुलामगिरीच्या बाजूने आपला निराळा संघ काढला. हा संघ आजही जगातील सर्वांत मोठा बॅप्टिस्ट संघ आहे. त्याचे सभासद सुमारे सव्वा कोटी आहेत. गुलामगिरीस दिलेल्या पाठिंब्याबद्दल त्याने जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी!

दुसरीकडे गुलामांनी स्वतःही हाच पंथ मोठ्या संख्येने स्वीकारला होता. जमेका बेटात या पंथाचा पाया घालणारा जॉर्ज लाइल हा मुक्त झालेला निग्रो गुलाम होता. केरी हिंदुस्थानात येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधी तो तेथे उपदेश करू लागला होता. त्याच बेटात १८३१ च्या नाताळात सॅम शार्प नावाच्या बॅप्टिस्ट गुलामाने, मजुरी मिळाल्यावाचून काम करावयाचे नाही, असा संप योजला. त्याचे पर्यवसान बंडात झाले; तीनशेहून अधिक गुलामांना देहान्त शिक्षा झाली आणि १८३२ च्या मे महिन्यात शार्पलाही फाशी दिले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. पहिल्या पुस्तकावाचून दुसरे शिकता येत नाही असे म्हणतात. या लोकांनी बायबलाच्या पुस्तकातच मुक्तीचा धडा वाचला असावा.

अमेरिकेतील निग्रो बॅप्टिस्टांचे आपल्या देशाशी आणखी एक नाते आहे. बेंजामिन मेज हे त्यांच्यातील एक विद्वान पाळक १९३६ च्या अखेरीस वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले होते. अहिंसा दुबळ्यांचे शस्त्र आहे काय, तिने समूहाचा लढा कसा चालवावा, याविषयी त्यांचे बोलणे झाले. पुढे हेच मेज ज्या महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले तेथे मार्टिन लूथर किंग नावाचा विद्यार्थी शिकत होता. किंग हेही बॅप्टिस्ट पाळक, आणि पाळकाचे पुत्र. १९५५-५६ साली मॉन्टगोमेरी शहरात त्यांनी बसगाड्यांवर जो बहिष्कार चालविला तो त्यांच्या देवळांतील सभांमधूनच. १९५९ साली ते हिंदुस्थानात आले तेव्हा मुंबईस गांधीजींच्या मणिभवनात उतरले होते.

आज जागतिक बॅप्टिस्ट संघाशी (स्थापना लंडन येथे, १९०५) जोडलेल्या मंडळ्यांचे सभासद सुमारे पाच कोटी आहेत. अमेरिकेचा वर सांगितलेला दक्षिणी संघ २००४ साली त्यातून बाहेर पडल्यामुळे तो या आकड्यात धरलेला नाही. शिवाय या पंथात तान्ह्या मुलांची गणना सभासदांत होत नसल्याने प्रत्यक्ष अनुयायी याहून पुष्कळच अधिक समजावेत. नायजेरिया, कांगो, ब्राझील, ब्रह्मदेश येथे त्यांची वस्ती मोठी आहे. आपल्या देशात नागालँडमध्ये तर बहुसंख्य लोक बॅप्टिस्टच आहेत. मणिपूर, गारो टेकड्या, दक्षिण मिझोराम, ओरिसा व आंध्राचा किनारा येथेही ते आहेत. महाराष्ट्रात मात्र थोडे. असे असता मराठीच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या पानावर यावे, याचे कारण विल्यम केरी.

केरीचा जन्म १७६१ साली इंग्लंडात नॉर्दॅम्प्टन परगण्यातील एका खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. केरी जोडे शिवण्याचे काम शिकला. कामाच्या जागी पुस्तक उघडे ठेवून लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. कॅप्टन कुकची प्रवासवर्णने वाचून त्याने भिंतीवर जगाचा एक नकाशा चिकटविला व देशोदेशींची लोकसंख्या, धर्म, चालीरीती त्यावर टिपून ठेवू लागला. १७९२ साली त्याने एक पुस्तिका छापली. तीत परधर्मीयांना उपदेश करण्यासाठी माणसे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे, असे प्रतिपादन होते. आणि गुलामांच्या श्रमाने पिकणारी वेस्ट इंडीजची साखर अनेक कुटुंबांनी वर्ज्य केल्याचा गौरवही होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिल्या दिवशी जमलेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स!

पुढच्या वर्षी केरी कलकत्त्यास आला तो डॅनिश जहाजाने, कारण इंग्रजी जहाजाने यावयाचे तर ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना हवा, आणि कंपनी मिशनऱ्यांना तो देत नसे. आपल्यापैकी पुष्कळांचा असा समज असतो, की कंपनी सरकार आणि मिशनरी एकाच माळेचे मणी होते. त्या काळापुरता तो खरा नाही. लोकांच्या धर्मास हात लागला तर व्यापार बुडेल, राज्य डळमळेल, अशी कंपनीस धास्ती होती. केरीने सहा वर्षे उत्तर बंगालात निळीच्या कारखान्यावर काम करून पोट भरले. तेथे एक मुलगा दगावला. पत्नी डॉरोथीचे मन बिघडले ते अखेरपर्यंत सुधारले नाही. तिची इच्छा नसता तिला या प्रवासास आणले गेले होते, हे केरीच्या चरित्रातील फार दुःखद प्रकरण आहे. त्याच्या कीर्तीची किंमत तिने अधिक भरली.

१८०० च्या जानेवारीत केरी श्रीरामपुरास राहावयास गेला. हे गाव कलकत्त्याहून फार दूर नाही. पण ते डेन्मार्कच्या राजाचे होते, कंपनीचा हुकूम तेथे चालत नव्हता. शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि छपाईत निष्णात विल्यम वॉर्ड हे दोघे तेथे त्यास मिळाले. तिघांनी एकत्र कुटुंबासारखे राहावयाचे, मिळकत एकत्र ठेवावयाची, असे ठरले. आणि छापखाना सुरू झाला.

येथे पंथाच्या तत्त्वाचा पुन्हा विचार करू. मनुष्याने स्वतः समजून श्रद्धा ठेवली पाहिजे. म्हणून त्याला धर्मग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे. म्हणून तो त्याच्या मातृभाषेत असला पाहिजे. त्यासाठी अनुवाद, अनुवादासाठी व्याकरण आणि कोश, छापण्यासाठी त्या त्या लिपीचे खिळे, आणि वाचणारे हवेत म्हणून शाळा. तीन-चार दशकांत सुमारे चाळीस भाषांतून येथे बायबलाचे भाग निघाले. खिळे पाडण्याचे अवघड काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आरंभिले आणि त्याचा जावई मनोहर याने ते पुढे नेले. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा, साच्यात शिशाचा रस ओतावयाचा; एकेका लिपीसाठी, जोडाक्षरे धरून, असे शेकडो ठसे लागत. केरीच्या नावाबरोबर या लोहारांची नावे घेतली जात नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

आता मराठी. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी कलकत्त्यास १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. ज्या मनुष्यास कंपनीने आपल्या मुलखात राहू दिले नव्हते, त्यालाच १८०१ मध्ये दरमहा पाचशे रुपयांवर बंगाली शिकविण्यासाठी बोलाविणे आले! संस्कृत व मराठी हे विषयही पुढे त्याच्याकडे आले आणि पगार हजारावर गेला. त्यातील बहुतेक रक्कम तो मिशनच्या सामाईक पेटीत टाकी. छापखाना चालला तो बराचसा यावर.

बंगालात बसलेल्या इंग्रजांना मराठी कशास हवी होती, हे सालांवरून कळते. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची, डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी कटक आणि पश्चिम वऱ्हाड गमावले. जिंकलेल्या मुलखाचे कागद मराठीत, दरबारचा पत्रव्यवहार मराठीत, वकिलांची बोलणी मराठीत. म्हणजे १८०५ च्या त्या व्याकरणामागे मिशनऱ्याची कळकळ जितकी, तितकीच राज्यकर्त्यांची निकडही होती. दोन्ही हेतू मराठी भाषेच्या प्रेमाचे नव्हते, हे आपण डोळे उघडे ठेवून म्हटले पाहिजे.

भाषेचे प्रेम आणि जाण जिच्यात होती ती तिसरी व्यक्ती म्हणजे पंडित वैजनाथ. हे नागपूरचे, फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते. आपल्या व्याकरणाच्या प्रस्तावनेत केरीने त्यांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख केला आहे. केरी कधी महाराष्ट्रात आला नाही. मराठी बोलणारी आळी, बाजार, पंगत त्याने पाहिली नाही. त्याने जी मराठी ऐकली ती या पंडिताच्या आणि त्याच्यासारख्या कलकत्त्यातील मराठी माणसांच्या तोंडून. व्याकरणाच्या शेवटी नित्याच्या विषयांवरील काही संवाद जोडले आहेत. परक्यास व्याकरणाचे नियम सांगता येतील. पण माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे घरच्याच माणसाने सांगावे लागते. त्या संवादांमागे उभा असलेला मनुष्य मला केरीपेक्षा वैजनाथच अधिक वाटतो.

त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले, आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये. प्रारंभीची छपाई देवनागरीत होती, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. परंतु मराठी मनुष्य व्यवहारात मोडी लिहितो, बाळबोध पोथीसाठी राखतो, हे श्रीरामपूरकरांच्या ध्यानात आले आणि त्यांनी मोडीचे खिळे पाडविले. मोडी ही लिहिण्याची लिपी. लेखणी न उचलता वळण घेत जाणारी. तिची अक्षरे सुटी करून शिशात बसविणे हे काम लहान नव्हे. १८१० साली केरीचा मराठी-इंग्रजी कोश निघाला त्यात मराठी शब्द या मोडी खिळ्यांनीच छापले आहेत.

१८१२ च्या ११ मार्चला संध्याकाळी छापखान्यास आग लागली. कागद, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे खिळे भस्म झाले. केरीच्या संस्कृत कोशाची व बहुभाषी शब्दसंग्रहाची वर्षानुवर्षांची मेहनत गेली. पण ढिगारा उपसताना खिळ्यांचे पोलादी ठसे व साचे सापडले. वितळलेले शिसे गोळा करून पुन्हा ओतकाम सुरू झाले. त्यानंतर ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) अशी वैजनाथांची मराठी पुस्तके मोडीत निघाली. शेवटचे पुस्तक रामराम बसू यांच्या १८०१ च्या बंगाली ग्रंथावरून केलेले आहे. याच सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळही तेथे छापली गेली. भोपाळच्या वाचकांना येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. श्रीरामपूरचा जळका छापखाना पुन्हा उभा राहत होता त्याच दिवसांत, १८१२-१३ साली, त्या दुसऱ्या रघुजींची आणि शिंद्यांची फौज आपल्या भोपाळला वेढा घालून बसली होती आणि वजीर मोहम्मद खान आतून शहर लढवीत होता. एकीकडे भोसल्यांच्या तोफा, दुसरीकडे भोसल्यांच्या वंशावळीचे खिळे!

ही पुस्तके मराठीतील अगदी पहिली छापील पुस्तके काय, असा प्रश्न कोणी विचारील. तसे म्हणता येत नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीच रोमन लिपीत छापले होते; मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये रोम येथे निघाले होते; तंजावरच्या सरफोजी राजांचा छापखानाही श्रीरामपूरचा समकालीन. परंतु व्याकरण, कोश, कथा, चरित्र आणि धर्मग्रंथ हे सर्व एका ठिकाणाहून, आणि आपल्या रोजच्या लिपीत, हे प्रथम श्रीरामपुरास घडले.

त्यातील मराठी कशी होती? खरे सांगावयाचे तर बायबलाची मराठी फारशी उतरली नाही. ती नागपुरी वळणाची. मुंबई-पुण्याकडच्या लोकांना ती परकी वाटली. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ती बाजूस ठेवून नवे भाषांतर हाती घेतले व १८२६ मध्ये नवा करार पुरा केला. केरीच्या कोशासही पुढे मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने मागे टाकले. एक मनुष्य इतक्या भाषा हाताळू लागला, की प्रत्येकीस तो थोडाच पुरतो.

या अमेरिकनांचीच एक गोष्ट या पंथाचे मर्म दाखविते. १८१२ साली अमेरिकेहून निघालेल्या त्यांच्या तुकडीत अॅडोनिराम जडसन नावाचा तरुण होता. तो काँग्रिगेशनल पंथाचा. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारा. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी वाद पडेल तेव्हा उत्तर देता यावे म्हणून जहाजावर तो मूळ ग्रीक वचने काढून अभ्यास करू लागला आणि अखेर प्रतिपक्षाचेच म्हणणे त्याला पटले! सप्टेंबरात वॉर्डने त्याला कलकत्त्यात बाप्तिस्मा दिला. आपल्याला पाठविणाऱ्या संस्थेशी त्याचा संबंध तुटला. तो ब्रह्मदेशात गेला आणि तेथे त्याने ब्रह्मी भाषेत बायबल आणले. तुकडीतील हॉल, नॉट व न्यूएल हे मुंबईकडे वळले. मराठी मुलखात बॅप्टिस्ट मंडळ्या थोड्या राहिल्या, त्याला हीही एक वाट कारणीभूत झाली.

आणि याच्या उलट विल्यम अॅडमची गोष्ट. हा श्रीरामपूर परंपरेचा बॅप्टिस्ट मिशनरी राजा राममोहन रॉय यांच्याबरोबर बंगाली भाषांतर तपासावयास बसला. एका शब्दाच्या अर्थावरून चर्चा वाढली. आणि राममोहनांना ख्रिस्ती करण्याऐवजी १८२१ मध्ये अॅडमच त्रिमूर्तीचे मत सोडून एकेश्वरवादी झाला. बॅप्टिस्टांना राग आला. राममोहनांचा पुढचा वादग्रंथ छापण्याचे कलकत्त्यातील बॅप्टिस्ट छापखान्याने नाकारले, तेव्हा त्यांनी १८२३ साली तो दुसरीकडे छापविला. ज्याने त्याने स्वतः विचार करून ठरवावे, हे तत्त्व जडसनच्या बाबतीत गोड लागले, अॅडमच्या बाबतीत कडू. हिंदू व मुसलमान धर्मांविषयी श्रीरामपूरहून निघालेले काही लिखाणही असेच कडवट होते. १८०७ साली एका फार्सी पुस्तिकेवरून तर सरकारला हस्तक्षेप करावा लागला. हेल्विसने मुसलमानांसाठी मागितलेले स्वातंत्र्य आणि त्या पुस्तिकेची भाषा यांत फार अंतर आहे.

केरी १८३४ च्या ९ जूनला श्रीरामपुरास वारला. एकेचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. सतीबंदीचा १८२९ चा कायदा बंगालीत आणण्याचे काम सरकारने त्याच्याकडेच दिले होते. त्याला वनस्पतींचे मोठे वेड होते. आपल्या विंध्य-सातपुड्याच्या जंगलात कुंभा नावाचे झाड आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला मोठी पांढरी, आत गुलाबी केसर असलेली फुले येतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ‘केरिया आर्बोरिया’. हे कुलनाम डॉ. रॉक्सबर्गने आपल्या या मित्रावरून ठेवले.

श्रीरामपूरची रीत पुढे आसामातही चालली. तेथील शाळा-कचेऱ्यांत बंगाली लादली गेली असता अमेरिकन बॅप्टिस्टांनी शिवसागरहून १८४६ मध्ये ‘अरुणोदय’ हे पहिले असमिया मासिक काढले आणि १८६७ मध्ये माइल्स ब्रॉन्सनचा असमिया कोश छापला. १८७३ साली असमियाला आपली जागा परत मिळाली. आसामात त्यांच्या नावाची आठवण यामुळे ताजी आहे.

आपल्याकडे वैजनाथांची पुस्तके आज कोणी वाचत नाही. ती दुर्मिळ झाली एवढेच त्याचे कारण नव्हे. १८१० चा तो कोश आजच्या मराठी मुलापुढे ठेवला, तर त्यातील इंग्रजी अर्थ त्याला सहज वाचता येतील. मोडीत छापलेला मराठी शब्द मात्र वाचता येणार नाही.